पाठमोऱ्या चांदण्या

आतून

नवव्या मजल्यावरच्या त्या खिडकीसमोर कोणीच राहत नव्हतं. समोर होतं आभाळ, अर्धवट बांधून सोडलेली पाण्याची टाकी आणि टाकीच्या कडेवर बसलेलं एक कबुतर. तरीही थोरल्याने यंदाही सगळ्या चांदण्या तोंडं बाहेर करून लावल्या होत्या. कबुतराची सुट्टी छान जाणार होती.

मधली दारातच उभी राहिली, एक चप्पल पायात, एक हातात. खोलीच्या बाजूने बघणाऱ्याला दिसत होते ते नुसते पुठ्ठे. तपकिरी, दोऱ्यांच्या गाठी मारलेले, खळीचे ओघळ वाळून पांढरे पडलेले. त्यांच्यावर खोक्यांची छापील अक्षरं: 'ही बाजू वर'. 'नाजूक माल'. 'ओल लागू देऊ नये'. रंग, चकचकीत कागद, म्हणजे ज्याला बघणं म्हणता येईल ते सगळं काचेच्या पलीकडे.

"या वन्सं," वहिनी म्हणाली. "आमच्या गोडाऊनमध्ये आपलं स्वागत आहे."

"अजून हेच?"

"लग्न झाल्यापासून पुठ्ठा बघतेय मी. माहेरी माझ्या बहिणी विचारतात, सुट्टीत घर सजवलं का? मी सांगते, सजवलं, पण आम्हाला त्याचं काही कळवलेलं नाही."

वर्षअखेरीच्या सुट्टीत घराला चांदण्या लावायच्या आणि त्यांची तोंडं बाहेर करायची, ही या घराण्याची रीत. वडील पार्सलच्या डेपोत हमाली करत, तिथून फुटकी खोकी घरी येत, आई त्यांच्या चांदण्या कापी. ती रीत थोरल्याने मोठ्या प्रेमाने जपली होती. इतक्या प्रेमाने, की तिच्यावर त्याचा धंदा उभा राहिला. थोरला दुकानांच्या काचा सजवतो. आधी तो बाहुल्यांना कोट घालायचा. मग कधीतरी त्याला बालपण आठवलं, आणि त्या दिवसापासून त्याने कोणालाच सुखाने जगू दिलेलं नाही. त्याच्या नव्या मालाचं नाव 'पाठमोरी'. शहरातली बरी बरी दुकानं आता गिऱ्हाइकाला पुठ्ठा दाखवतात आणि गिऱ्हाइकं मान तिरकी करून म्हणतात, किती खरं आहे ना हे.

'पाठमोरी'चा कॅटलॉग टीपॉयवर पडलेला होता. मधलीने उभ्याउभ्याच उघडला.

*आमच्या आईने आम्हाला शिकवलं : सुंदर बाजू जगाला द्यावी, आपण पाठीवर समाधान मानावं. लहानपणी आम्ही त्या पुठ्ठ्यांकडे बघत वाढलो आणि आम्हाला कळलं, की देणं म्हणजे काय.*

तिचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. हा तिचा धंद्याचा रोग. मधली गाडी शिकवते. शिकाऊ माणसाशेजारी बसून आयुष्य गेलं, आणि तिच्या बाजूलाही ब्रेक असतो. समोर कोणीतरी आपटणार असं दिसलं, की पाय दाबायचा. घरी, लग्नात, थोरल्याच्या बोलण्यात, कुठेही. फरक इतकाच की तिथे काहीच थांबत नाही.

"आली का?" आतून आईचा आवाज आला. "तिला म्हणावं चप्पल पायात घाल नाहीतर खाली ठेव. दुकान मांडल्यासारखी काय उभी राहिली आहेस?"

आईच्या खोलीतून दार दिसत नाही. तरीही.

पलीकडून

आज सगळ्यांना बोलावलं त्याची कारणं दोन होती. एक फोनवर सांगितलेलं : कॅटलॉगसाठी फोटो काढायचे आहेत, फोटोवाला येणार, आईचे चार शब्दही रेकॉर्ड करून घेऊ. दुसरं कोणी बोललं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या वर्षात थोरला हे घर पाडून नव्याने बांधल्यासारखं करणार, राहतं घर हीच शोरूम. आईच्या खोलीत त्याला पुठ्ठ्यांची लायब्ररी करायची होती. पुठ्ठ्यांना जागा पाहिजे म्हटल्यावर आईला हलणं भागच होतं. प्रश्न फक्त कुठे.

धाकटा सोफ्याच्या कोपऱ्यात बसून बिस्किटं खात होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणून स्वतः कधीच लिफ्टने येत नाही. नऊ मजले चढून आला होता आणि अजून धापा टाकत होता.

"ताई," तो कुजबुजला, "मी तुझ्या बाजूने आहे हं."

"कशात?"

"कशातही. दादाला आज सोडायचं नाही."

"आणि आईला कोण नेणार म्हटल्यावर?"

धाकट्याने हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं. "माझ्याकडे सासरे आहेत," तो म्हणाला. "सासरे आणि त्यांचा खोकला. दोघांना मिळून एक खोली लागते."

"म्हणजे माझ्या बाजूने नाहीस."

"बाजूने आहेच. फक्त बाजूला नाही."

 मधलीजवळ एक वाक्य होतं. येताना गाडीत तिने ते प्रत्येक सिग्नलला मोठ्याने म्हणून बघितलं होतं, आणि शेजारच्या स्कूटरवाल्याने एकदा दचकून बघितलंही होतं. *जिने मला दिलं, तिला मी घेणार नाही.* एवढंच. विषय निघाला की हे वाक्य टेबलावर ठेवायचं, पर्स उचलायची आणि निघायचं.

वाक्यात खोटं काही नव्हतं. आजोबांनी वाटणी केली तेव्हा पातेली वाटली, पलंग वाटले, आरसासुद्धा वाटला, म्हणजे एकाला आरसा आणि दुसऱ्याला चौकट. मग त्यांच्या लक्षात आलं, की थोरल्या सुनेला, म्हणजे काकूला, मूल नाही आणि धाकटीला, म्हणजे आईला, तीन आहेत. असमान काही राहिलं की आजोबांना जेवण जात नसे. थोरला द्यायचा तर तो वंशाचा दिवा, धाकटा तर अजून अंगावर पिणारा. उरली मधली. एका संध्याकाळी तिला फ्रॉक आणि उशीसकट गल्ली ओलांडून काकूच्या घरात नेऊन ठेवलं. "थोडे दिवस," असं सगळे म्हणाले. थोडे दिवस हे या घराण्यातलं सगळ्यात लांब माप. मधली तिथून निघाली ती नोकरी लागल्यावर.

गल्ली एवढी अरुंद, की इकडून शिंकलं तर तिकडून कोणीतरी शिवी हासडायचं. तरीही आई त्या सगळ्या वर्षांत एकदासुद्धा ती ओलांडून आली नाही. ना तापात, ना परीक्षेच्या निकालाला. फक्त वर्ष संपत आलं की समोरच्या खिडकीत चांदण्या लागायच्या. लाल, सोनेरी, मागे दिवा. काकूने मधलीला सामानाच्या खोलीत खाट टाकून दिली होती. पोती, जुन्या गाद्या आणि ती. तिच्या खिडकीतून समोरचा तेवढाच तुकडा दिसायचा. बाकीचं घर किती सजलं असेल, याची ती कल्पना करत बसायची. तिकडे सगळे हसत असतील. आपल्यावाचून.

काकू एकदा खोलीत आली, समोर बघितलं आणि म्हणाली, "बघितलास तुझ्या आईचा थाट? आपल्याला जळवायला लावते." दुसऱ्या दिवशी तिने काचेला वर्तमानपत्र चिकटवून टाकलं.

तर हे झालं, देणं म्हणजे काय ते.

खालून

फोटोवाला आला आणि त्याने आधी सगळ्यांना हलवलं, मग दिवे हलवले, मग पुन्हा सगळ्यांना. आईला चाकाच्या खुर्चीतून आणून खिडकीशी बसवलं. आईला ऐकू उत्तम येतं, पण तिला ते मान्य नाही. सोयीचं असेल तेवढंच ती ऐकते.

"आजी, थोडं हसा ना."

"कशाला?"

"फोटो छान येईल."

"माझा की तुझा?"

वहिनी स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन येत होती, ती दारातच थांबून हसली. तिच्या मनात दोन दिवस एक गोष्ट घोळत होती आणि ती कोणालाच सांगता येत नव्हती. सासूचं करून करून तिची कंबर गेली होती हे खरं. औषधं, आंघोळ, रुसवे. सासू जाणार म्हटल्यावर पहिल्या रात्री तिला गाढ झोप लागली. दुसऱ्या रात्री मात्र तिच्या डोक्यात आलं, की ही गेली तर या घरात नवऱ्याला हसणारं दुसरं उरतंय कोण? एकटीने हसायचं म्हणजे वेड लागल्यासारखं दिसतं.

"आई, आता मी बोलतो, तू नुसती मान हलव," थोरला म्हणाला. त्याने या प्रसंगासाठी पुठ्ठ्याच्याच रंगाचा सदरा घातला होता. त्याने घसा साफ केला, फोटोवाल्याने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. "आमच्या लहानपणी घरात फार काही नव्हतं. पण आई म्हणायची, आपल्याकडे जे सुंदर आहे ते रस्त्यावरून जाणाऱ्या थकल्याभागल्या माणसाला दिसलं पाहिजे..."

"मी कधी म्हटलं?" आई म्हणाली.

"आई, मान हलव."

"कोण थकलंभागलं?"

"जाणारा-येणारा, आई. वाटसरू."

"आपल्या गल्लीत वाटसरू? गल्ली पुढे बंद होती. चुकलेला कुत्रासुद्धा तोंड पाडून परत जायचा."

फोटोवाल्याने थांबवू का, असं डोळ्यांनी विचारलं. थोरल्याने नको अशी खूण केली. "हे आपण नंतर कापू," तो म्हणाला. "आई विसरते हल्ली."

"मी विसरते," आई खिडकीकडे बघत म्हणाली. "हा लहानपणी अंथरूण ओलं करायचा ते मी विसरले का?"

धाकट्याच्या तोंडातला चहा बाहेर आला. वहिनीने त्याला फडकं दिलं आणि स्वतः फडक्यासाठी वळल्यासारखं करून खांदे गदागदा हलवून घेतले.

आणि इथे मधलीचा पाय ब्रेकवरून निघाला.

"दादा, कॅटलॉग छान आहे तुझा," ती म्हणाली. "पण एक विचारू? रस्त्यावरच्या माणसाला दिसणार कसं होतं? आपण वरच्या मजल्यावर. खिडक्यांच्या खाली त्या सायकलवाल्याच्या दुकानाचा लांबलचक बोर्ड. गल्लीत उभं राहून वर बघितलं तर तो बोर्ड दिसायचा आणि त्यावर वाळत घातलेले त्याचे पायजमे. मी रोज शाळेतून येताना बघायचे. एक चांदणी खालून दिसत नव्हती."

"भावार्थ घे ना."

"भावार्थच सांगते. जग बिग काही नव्हतं. जग म्हणजे काकू. आईने काकूला जळवण्यासाठी तोंडं बाहेर केली. पोर नेलीस तर ने, आमचं काही अडत नाही, बघ आम्ही कसे मजेत आहोत! एवढंच आहे तुझं तत्त्वज्ञान. शेजारणीची जिरवायची, आणि घरातल्यांनी पुठ्ठा बघायचा. तू दुकानदारांना जे विकतोस ना, ती जावाजावांची खुन्नस आहे. जरीचा कागद लावलेली."

 फोटोवाल्याने बटण दाबून बंद केलं, आणि मग विचार बदलून पुन्हा चालू केलं.

"वन्सं," वहिनी हळूच म्हणाली, "हे छापा ना कॅटलॉगात. खरंच खप वाढेल."

थोरला लाल झाला होता. त्याला राग आला की तो मुद्द्याचं बोलत नाही, कुठलातरी क्षुल्लक तपशील धरून बसतो. लहानपणापासूनचीच सवय ही. आताही त्याने तेच केलं.

"काही माहीत नसताना बोलू नकोस. काकूला कशा दिसणार होत्या? तिची बैठक आपल्या हॉलसमोर. चांदण्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असायच्या."

"स्वयंपाकघरातही असतील. आणि हॉलमध्येही."

"फक्त स्वयंपाकघरात."

"सगळं घर सजवून एक हॉल सोडला होता का?"

"घर कधी सजवलं नाहीच गं आपण! एकच खिडकी. मला काय सांगतेस, मी असायचो तिथे. हॉलच्या खिडकीत मी एकदा एक चांदणी बांधली म्हणून आईने कानाखाली काढली होती माझ्या. म्हणाली, तिथे कोण बघणार आहे?"

"मलाही बसली होती," धाकटा म्हणाला. त्याला वाटलं होतं की आता कोणत्या तरी बाजूला जावं लागणार, आणि ही बाजू बिनधोक दिसली. "मी पुढच्या वर्षी तेच केलं. मला तर दोन बसल्या."

"हे बघ." थोरल्याने बाही वर केली. कोपराजवळ एक जुना, चुरगळलेल्या कागदासारखा डाग होता. "ओट्यावर चढून दोरी बांधत होतो, हात शेगडीला लागला. हॉलमध्ये शेगडी होती का आपल्या? सांग ना आता. शिकवतेस मला."

त्याला वाटलं आपण जिंकलो. त्याने बाही खाली केली, बटण लावलं, फोटोवाल्याकडे बघून हसला. आपण काय बोलून गेलो, याचा त्याला पत्ताही नव्हता. आयुष्यभर तो असाच बरोबर बोलत आला होता, चुकून.

स्वयंपाकघरातून

हॉलसमोर काकूची बैठक.

मग तिचं स्वयंपाकघर कुठे? मागे, अंगणाकडे.

मग आपल्या स्वयंपाकघरासमोर?

मधलीने पुन्हा पहिल्यापासून मांडून बघितलं, जशी ती शिकाऊ पोराला चौक मांडून दाखवते, माचिसच्या काड्या ठेवून. ही गल्ली. या बाजूला आपलं घर, दोन खिडक्या. त्या बाजूला काकूचं, दोन खिडक्या. मधे काकूच्या सज्जाला पावसासाठी ठोकलेला पत्रा. तो आड यायचा, म्हणजे बैठकीतून इकडची दुसरी खिडकी दिसायची शक्यता नाही. खालून बोर्ड. बाजूला भिंत.

एकच जागा उरत होती. पोती, जुन्या गाद्या, खाट.

काकूला त्या चांदण्या दिसल्या त्या ती मधलीच्या खोलीत आली तेव्हाच. एरवी तिला त्या कुठूनच दिसत नव्हत्या. आणि मग तिने स्वतःची समजूत करून घेतली, की हे आपल्यासाठी आहे. तिला सगळं आपल्यासाठीच आहे असं वाटायचं. तीच समजूत तिने पोरीला दिली, जुन्या स्वेटरसारखी, आणि पोरीने ती वाढत्या अंगावर ताणून ताणून आजपर्यंत घातली.

मधलीचा पाय फरशीवर दाबलेला होता. घट्ट. काही थांबत नव्हतं.

"फक्त एकच खिडकी?" तिने विचारलं.

"एकदा सांगितलं ना," थोरला म्हणाला.

भोकातून

"नखं वाढवायची ही," आई म्हणाली.

सगळ्यांना वाटलं तिचं काहीतरी भलतंच चाललं आहे. फोटोवाला दिव्याची उंची ठीक करत होता.

"काय आई?" वहिनीने विचारलं.

"त्या बयेने काचेला पेपर लावला होता. ही नखाने खरवडायची. आधी तिळाएवढं भोक. मग वाटाण्याएवढं. पेपर बदलला की पुन्हा तीळ." आई अजूनही खिडकीकडेच बघत होती, कबुतराकडे, टाकीकडे. "खोलीत तिच्याकडे एक मिणमिणता दिवा असायचा. त्या भोकातून त्याचा उजेड दिसे. उजेड दिसला की समजायचं, पोर तिकडे कुठेतरी लोळतेय. भोक काळं झालं, की डोळा लावलाय."



"मग मी दिव्याची वात वर करायची," आई म्हणाली. "संपलं. त्यात काय एवढं शूटिंग करण्यासारखं आहे?"

मधलीला पहिल्यांदा जाणवला तो राग. इतका जुना राग हातातून कोणी असा सहज काढून घ्यावा, हे तिला आवडलं नाही. तो सुटू नये म्हणून ती झटापट करत राहिली.

"यायचं होतंस ना मग एकदा. गल्ली केवढी होती? चार ढांगा."

"आले असते तर एकटी परत गेले नसते. तुला उचलून नेली असती."

"न्यायची होतीस!"

"तुझ्या आजोबांनी तुझ्या बापाला दाराबाहेर काढलं असतं. तोंडाने सांगितलं होतं तसं."

"काढू द्यायचं होतं."

आईने मान वळवली. या प्रकरणात, या दिवसात, कदाचित त्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदा तिने मधलीकडे सरळ बघितलं.

"हो," ती म्हणाली. "काढू द्यायचं होतं."

 थोरल्याचे डोळे खरंच भरले होते, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण त्याच्यात दुःख आणि कल्पना एकाच नळाने येतात.

"हे... हे किती मोठं आहे," तो म्हणाला. "एक खिडकी, एक भोक, एक डोळा. अरे, पुढच्या वर्षीचा सगळा माल इथेच आहे! काचेला वर्तमानपत्र, आणि त्याला फक्त एक छिद्र, आणि आत..."

"दादा."

"गिऱ्हाइकाने वाकून बघायचं, कळलं का..."

"दादा, तुला गाडी मी शिकवली. रिव्हर्स घेताना तू कितीदा रडलास ते मी त्या कॅटलॉगात छापेन. रंगीत."

"मी फोटो देईन," वहिनी म्हणाली. "माझ्याकडे आहे."

थोरला बसला. धाकट्याने त्याच्यासमोर बिस्किटांची बशी सरकवली. दोघा भावांनी खायला सुरुवात केली. फोटोवाला म्हणाला, उजेड जातोय, आता नाही घेतला तर फोटो होणार नाही. 

वहिनीने विषय काढला, कारण कोणीतरी काढायलाच हवा होता. "नव्या वर्षात इथे तोडफोड सुरू होणार," ती ट्रेवरचे कप विनाकारण सरळ करत म्हणाली. "आईंचं काय ते..."

मधलीने पर्स उघडली, बंद केली. वाक्य जागेवर होतं. शब्द तेच. तोंडात घेऊन बघितलं तर काकूच्या आवाजात येत होतं.

"माझ्याकडे एकच खिडकी आहे," ती आईला म्हणाली. चिडूनच म्हणाली. "समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. कोणाला दाखवायलाही काही नाही आणि बघायलाही काही नाही. तुला कंटाळा येईल. मी सकाळी जाते ती संध्याकाळी येते, आणि तेव्हा माझं डोकं फिरलेलं असतं. पोरं दिवसभर क्लच जाळतात."

"मला कोणी विचारलं का क्लचचं?"

"आणि मी तुझे टोमणे ऐकून घेणार नाही."

"मग काय ऐकणार?" आई म्हणाली. "दुसरं काय आहे माझ्याकडे?"

"थोडे दिवस," मधली म्हणाली. "कळलं ना सगळ्यांना? फक्त थोडे दिवस."

धाकट्याने हे ऐकलं आणि खिडकीबाहेर बघितलं. थोरल्यानेही. थोडे दिवस म्हणजे किती, हे त्या घरात कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

वहिनी आईची बॅग भरायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि आवाज मात्र करडा. "गोळ्या वरच्या कप्प्यात ठेवल्यात, वन्सं. आणि रविवारी मी येईन. यांचं नवीन काय चाललंय ते सांगायला कोणीतरी लागेल मला."

निघताना आईने खुर्ची खिडकीपाशी थांबवायला लावली, हात वर करून एक चांदणी खेचली, दोऱ्यासकट. काचेवरून ती निघताना चिरकली. जवळून ती चांदणी अगदी भिकार होती. सोनेरी कागद वाकडा बसलेला, टोकाला खळीचे फुगे.

"ही कोणी केली?"

"मी," थोरला म्हणाला.

"दिसतंय," आई म्हणाली, आणि ती मांडीवर ठेवली.

धाकट्याने आईची खुर्ची लिफ्टमध्ये ढकलली, चारी भिंतींवर हात फिरवून बघितला, आणि स्वतः जिन्याने खाली गेला.

मधलीची गाडी शिकवण्याची, म्हणजे शेजारच्या सीटसमोरही ब्रेक. तिथे दुसऱ्या कोणाला बसवायची तिला सवय नव्हती. तिथे नेहमी ती बसते.

"त्या पेडलवर पाय ठेवू नकोस," तिने आईला पट्टा बांधता बांधता सांगितलं.

आईने ताबडतोब पाय ठेवला. फाटकापर्यंत जाईस्तोवर गाडी तीनदा गचके खाऊन थांबली, एकदा मांजरासाठी, एकदा वॉचमनसाठी आणि एकदा कशासाठीच नाही.

"आई!"

"जोरात चालवतेस तू."

रस्त्याला लागल्यावर आईने मांडीवरची चांदणी उचलली, तिचा दोरा आरशाला अडकवला आणि ती फिरवली. पुठ्ठा पुढे काचेकडे, 'नाजूक माल' रस्त्याकडे. सोनेरी तोंड आत, मधलीकडे. मागून येणाऱ्या गाड्यांचे दिवे त्याच्यावर पडत आणि चमक थेट तिच्या डोळ्यांत येई. अर्धी काच झाकली गेली होती. हे नियमात बसत नाही, असं ती रोज पोरांना ओरडून सांगते.

"काढ ती. समोरचं दिसत नाही मला."

"चालव तू," आई म्हणाली. "भोकातून बघायची सवय आहे तुला."